पस्तीस मिनिटं

विमानाचं दार उघडलं. दाराशी उभं राहून उतरणाऱ्यांना ‘धन्यवाद, धन्यवाद’ म्हणणाऱ्या पायलटसमोर त्याची थोरली बहीण येऊन उभी राहिली.

“ताई? तू इकडे कुठे?”

“कुठेच नाही. याच विमानानं परत जायचंय. तू फोन उचलत नाहीस, म्हटलं तिकीटच काढावं.”

पन्नास मिनिटं ती अकराव्या रांगेतून त्याच्या केबिनच्या बंद दाराकडे बघत आली होती. दारापलीकडे सख्खा भाऊ, आणि त्याचा आवाज सगळ्यांबरोबर वाटून घ्यायचा. अंतर दोनशे ऐंशी किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं, हवा छान आहे. हवा छान आहे म्हणे!

मागे माणसं खोळंबली. तिनं बॅग दारातच ठेवली.

“बाबांचं काही खरं नाही आता. फार तर चार दिवस, डॉक्टर म्हणाले. रोज दोनदा उतरतोस तू आमच्याकडे. दुसरं विमान येतंच कुठे तिथे? पंचवीस मिनिटं उभं असतं. हॉस्पिटल समोर आहे, रस्ता ओलांडला की. घड्याळ लावून चालले मी. सात मिनिटं.”

“ड्यूटीवर असं बाहेर पडता येत नाही गं.”

“आणि परवा सुट्टी होती तेव्हा?”

तो मग खालच्या आवाजात म्हणाला, “मला नाही बघवत त्यांना तसं.”

“त्यांना दिसतं रे तुझं विमान. खिडकीतून, दोन्ही वेळा.”

“लोक थांबलेत, ताई. आज करतो काहीतरी. नक्की.” आणि तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाला म्हणाला, “धन्यवाद.”

परतीच्या वाटेवर त्यानं सांगितलं, वारा पाठीशी आहे, दहा मिनिटं आधी पोचू. तिला वेडी आशा वाटली. विमान थांबल्यावर ती जागेवरच बसून राहिली, सगळे उतरेपर्यंत. केबिनचं दार उघडलं नाही.

“मॅडम, उतरता ना?” हवाई सुंदरीनं हसून विचारलं.

रस्ता ओलांडताना तिनं त्याला मनातल्या मनात नको नको ते बोलून घेतलं.

बाबा उशीला टेकून बसले होते. चेहरा खुलला होता.

“आज दहा मिनिटं लवकर आला बघ! म्हणजे पस्तीस मिनिटं आहेत त्याच्याकडे. जरा केस विंचर माझे.”

तिनं कंगवा घेतला. विंचरण्याजोगे केस उरले नव्हते. तरी पाणी लावून भांग काढायला लागली. बाबांची नजर खिडकीवरून दाराकडे वळली होती.

पाव तासात ती तिसऱ्यांदा भांग काढत होती, तेव्हा खिडकीची काच थरथरली. आवाज वाढत गेला, डोक्यावरून गेला, लांब गेला. तिचा हात थांबला.

“दुसरं कुठलं तरी असेल,” बाबा म्हणाले. “तू भांग नीट पाड.”