राहिलेली दोन अंडी

ईस्टरच्या आदल्या दिवशी अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. दोन वर्षांचा वायट सणाच्या खेळासाठी गवतात लपवलेली रंगीत अंडी शोधत होता आणि त्याची आजी लोर्ना टोपली घेऊन मागे फिरत होती. लोर्नाची मुलगी, म्हणजे वायटची आई टेस, नशेपायी तीन आठवड्यांपूर्वी घर सोडून गेली होती.

फाटकाशी पोलिसांची गाडी थांबली. शाळेत टेसच्याच वर्गात असलेला पोलीस डेल खाली उतरला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"काकू, टेसचं..."

"आत्ता नको रे. त्याची दोन अंडी राहिलीत. ती सापडू देत, मग सांग."

डेल मान खाली घालून उभा राहिला.

दोन्ही अंडी सापडली. वायटने टाळ्या पिटल्या. लोर्नाने टोपली उचलली आणि डेलकडे न बघता एकेक अंडं पुन्हा गवतात लपवायला सुरुवात केली.