पुलावरची वरात

वरात पुलावर आली आणि पुष्पाबाई रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. नवरीची आई मांडव सोडून भर उन्हात वरात अडवते, असलं काही वरवट बकालहून आलेल्या वऱ्हाडानं कधी पाहिलं नव्हतं. बँड आपोआप थांबला.

पुलापलीकडे कॉलेज होतं आणि आत परीक्षा चालू होती. या गावाचा रिवाजच आहे. पेपर चालू असला की पुलापासून कॉलेजचं फाटक ओलांडेपर्यंत काही वाजवायचं नाही. रामनवमीची मिरवणूक असो नाहीतर जयंतीची, इथं ताशे गप्प होतात. हुकूम कुणी काढलेला नाही. नदीकाठच्या वांग्या-मिरच्यांवर जगणाऱ्या गावानं कॉलेज उभं केलं, घरोघरी एकेक खोली बाहेरगावच्या पोरांना दिली, तेव्हापासून परीक्षा साऱ्या गावाचीच असते. पुष्पाबाईंची तर खानावळच या पोरांची.

हे सगळं त्यांनी नवरदेवाच्या मामांना, महादेवरावांना समजावून सांगितलं. मामा ऐकतात थोडेच! फेटा सावरत म्हणाले, "बाई, हे वरात आहे का मयत? बँड वाजला नाही तं वरात इथूनच माघारी जाईन."

तिकडे मांडवात नवरी, प्रतीक्षा, शालू नेसून बसली होती. पण पुष्पाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"पेपर पाचले सुटते," त्या म्हणाल्या. "तवरीक सावलीत बसा, शरबत पाठवतो. नाहीतं मुकाट चाला. वाजवत नाही जाऊ देणार, मामाजी."

मामांनी बँडवाल्यांना खूण करायला हात वर केला. तेवढ्यात हरिओम, खुद्द नवरदेव, घोड्यावरून खाली उतरला. तो याच कॉलेजात शिकलेला.

"मामा, माह्या पेपराच्या वक्ती बी एखादी वरात इथून गेली असन," तो म्हणाला. "मले तं ऐकूच नाही आली."

घोड्याच्या पायात घुंगरं होती. त्यानं घोडा पुलावरच ठेवला आणि पायी निघाला.

मागोमाग वऱ्हाड निघालं. पोरांना नाचायची हौस दांडगी, ती नुसतेच हात उडवत नाचत चालली. महादेवराव रागानं लाल होऊन सगळ्यात मागे. कॉलेजच्या खिडक्यांजवळ आल्यावर त्या शांततेत त्यांचे कोरे जोडे करकर वाजू लागले. आत एका पोरीनं पेपरवरून मान वर केली.

मामा थबकले. मग वाकले, जोडे काढून हातात घेतले आणि तापल्या डांबरावरून चवड्यांवर चालू लागले.