चारुलता मॅडमची तुर्की बाग

आठ दिवस तुर्कस्तान फिरून आल्यावर चारुलता मॅडमना प्राधिकरण वसाहतीतला आपला बंगला गावठी वाटू लागला. मग दारापुढे तुर्की बाग झाली. मधोमध संगमरवरी हौद, कडेनं गुलाब आणि द्राक्षाच्या मांडवाखाली गाद्यांची बैठक. "तिकडे बाग नुसती बघायची नसते, तिच्यात निवांत बसायचं असतं," असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या.

बागेचं काम करणाऱ्या यशोदाबाई दुपारी भाकरी खायला तिथं टेकल्या, तर मॅडम ओरडल्या, "अहो उठा, गाद्या मळतील!"

'मिरवायला तुर्कस्तान, अन् मन वीतभर!' मनाशी म्हणत यशोदाबाई फाटकाबाहेर फुटपाथवर जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं मॅडमचे सासरे चहाचा कप सांभाळत बाहेर आले.



"बाई, जरा सरकता का? तिथं मलाही मनाई आहे."