स्वराजच्या पत्रावरचं तिकीट

बाळ सरांचा ताकाचा पेला रिकामा झाला, तरी मैनाताई पत्र हातातून सोडीनात.

सर महाडहून भर उन्हात तुडीलला आले होते, ते या पाकिटावरच्या तिकिटासाठी. स्काउट चळवळीच्या शताब्दीचं तिकीट. गळ्यात स्कार्फ बांधलेला पोरगा सलामी देतोय. आपल्या संग्रहात तेवढंच एक कमी आहे, असं त्यांनी पडवीत टेकल्या टेकल्या सांगून टाकलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. सरांच्या हौसेला तर सवडही नव्हती. येत्या रविवारी त्यांचा जाहीर सत्कार होता, चाळीस वर्षं स्काउट मास्तर म्हणून राबल्याबद्दल.

पत्र मैनाताईंच्या स्वराजचं होतं, शेवटचं. बारा वर्षांपूर्वी पोलादपूरकडच्या स्काउट शिबिरात तो डोहात बुडाला. न सांगता पाण्यात उतरला, असं बरोबरच्या तिन्ही शिक्षकांनी सांगितलं होतं. बाळ सर त्यांतलेच एक. आदल्या दिवशी स्वराजच्या बहिणीनं, सेजलनं, या पाकिटाचा फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि सरांनी दुसऱ्याच दिवशी रिक्षा केली.

"तिकीट तेवढं पाण्यात सोडवून घेतो, मैनाताई. पत्र परत आणून देतो."

"आनखी कोनी मागितलं नाय, सर. तुमीच पयले." मैनाताईंनी सेजलकडं एकदा पाहिलं आणि पाकीट पुढं केलं. "न्या. परत आनायची तसदी नको."

आईचं मन किती मोठं असतं, असं काहीसं सर पुटपुटले. सेजलनं आग्रहानं दुसरा पेला भरला होता, तोही त्यांनी संपवला. ताक जरा कडवट लागलं. पण दुसऱ्याच्या घरी बसून नावं ठेवणं बरं नव्हे.

परतीच्या रिक्षात ओठ बधिर झाले. उन्हाचा तडाखा, दुसरं काय.

घरी येताच त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि पाकिटाचा कोपरा बुडवला. संग्रह करणारा माणूस तिकीट चिमट्यानं धरतो, त्याची दातेरी कड जपतो. सरांनी ते नखानं खरवडायला घेतलं. त्यांना तिकीट नकोच होतं, त्याच्याखालचा कागद हवा होता. गुप्त मजकूर तिकिटाखाली लिहावा, तोही पेन्सिलीनं, म्हणजे पाण्यात पुसत नाही, हा धडा शिबिरात त्यांनीच पोरांना दिला होता. तिकिटंही त्यांनीच वाटली होती. आणि डोहात उभं राहायची शिक्षा स्वराजला त्यांनीच दिली होती. बाकीच्या दोघा शिक्षकांना त्याचा पत्ताही नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तिकीट सुटता सुटेना. टपालाचा डिंक पाच मिनिटांत विरघळतो. हे मात्र भाताच्या शितानं चिकटवावं तसं घट्ट बसलं होतं. सरांच्या हाताला कंप सुटला, पोटात कळ आली. तरी ते खरवडत राहिले. अखेर तिकीट निघालं.

खाली पेन्सिलीचं अक्षर होतं, पण स्वराजचं नव्हतं.

'दादानं इथं नुसतं, सर मला डोहात उभं करतात, असं लिहिलं होतं. नाव नव्हतं. सर तिघे होते. ताक संपवलंत ना?'