फटी बुजवताना

कुब्लूने निवडलेला बर्फ असा टणक होता, की सुरी लावताच खणखणायचा. त्याच्या लाद्या रचून बर्फघर झालं; बायको आणि सासरे आत गेले, मग तो बाहेरून फटी बुजवू लागला. वाऱ्यात आतलं अक्षरही ऐकू येईना, तेव्हा आपलंही आत जात नसणार असं धरून त्याने कुत्र्यांपाशी मन मोकळं केलं. “दमलात ना रे? म्हातारा मेल्या सीलसारखा घसरगाडीवर पसरणार, तुम्ही मरेस्तोवर ओढणार. उद्या खाली उतरवतो त्याला.” शेवटची फट बुजवून तो रांगत आत शिरला. बायको दिव्याकडेच बघत राहिली. सासरे चालायचे बूट शेकत बसले होते. “या जावईबापू, बसा. इतका टणक बर्फ बाहेरचा प्रत्येक शब्द आत आणतो. बरोबरच बोललात, उद्या मी चालतो. फक्त कुत्री जरा हळू हाका.”