लोर्नाची गाणी

पडद्यावर टॅली रोझने नदीकाठी उभं राहून तोंड उघडलं आणि ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या थिएटरात सकाळच्या खेळाला आलेली चाळीसेक म्हातारी माणसं एकदम खोकायला लागली.

सिनेमा नव्याने काढलेला, पण गाणं जुन्या सिनेमातलंच होतं. पॉपच्या दुनियेतली ही पोरगी मात्र एकेका शब्दाला अकरा-अकरा गिरक्या देत होती. मागे मेंढ्या नाचत होत्या. मेंढ्या कॉम्प्युटरच्या, पण अभिनयात टॅलीपेक्षा उजव्या.

"हिच्या पोटात दुखतंय का गं?" शेजारच्या खुर्चीतून ग्वेनने विचारलं.

"गातेय ती," नोरीन म्हणाली.

"अजून किती वेळ?"

नोरीनचं लक्ष पडद्यावर होतं. तिचे ओठ हलत होते. टॅलीने मधेच श्वास घेतला, तशी ती पुटपुटली, "इथे नाही गं बाई, पुढच्या शब्दानंतर!"

सिनेमा एकदाचा संपला. तिकिटातच चहा आणि स्कोन नावाचे गोडसर पाव होते, म्हणून सगळे बाहेरच्या दालनात थांबले. उंच हॅट घातलेला एक म्हातारा तोंडातला घास न गिळताच बोलत होता.

"जुन्या सिनेमातली लोर्ना क्विल आठवते? काय गळा होता! या टॅलीने तिच्याकडे जन्मभर पाणी भरायला हवं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्वेननेसुद्धा.

नोरीनने कप खाली ठेवला. अठ्ठावन्न वर्षं ती हेच ऐकत आली होती आणि गप्प बसली होती, कारण स्टुडिओला तिने तसं लिहून दिलं होतं. आता तो स्टुडिओ राहिला नव्हता आणि लोर्नाही.

"लोर्नाला सुरात शिंकताही येत नव्हतं," ती म्हणाली. "ती सगळी गाणी मी गायलीयत."

"असं होय?" म्हातारा म्हणाला. "मग त्यातला घोडा मी होतो."

हशा पिकला. ग्वेन तर इतकी हसली की चहा बशीत सांडला. "अगं, तीस वर्षं शेजारी राहतेस माझ्या. कधी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणली नाहीस!"

"कुणी आवाज ओळखला असता तर?" नोरीन म्हणाली.

मग तिने खुर्चीची पाठ धरली आणि नदीकाठचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीत आवाज कापला. दुसऱ्या ओळीला स्थिरावला. तिसऱ्या ओळीपर्यंत चहाची रांग जागच्या जागी थांबली होती. ग्वेनचा हात तोंडावर गेला, तो तिथेच राहिला.

गाणं संपलं. म्हाताऱ्याने डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. त्याचे डोळे भरून आले होते.

"बाई," तो म्हणाला, "अगदी हुबेहूब लोर्नासारखं गाता हो तुम्ही!"