शालूबाईंच्या घराची गिऱ्हाइकं

“विहीर चैतात आटती बरं का,” शालूबाई म्हणाल्या आणि रमजाननं कपाळाला हात लावला.

गूळबाजारातले ज्योतिबाशेट घर बघून खूश झाले होते. कृष्णेच्या काठावर घर, मागं गोठा, परसातून थेट नदीवर उतरणारी वाट. पण विहिरीचं ऐकलं आणि शेटनी गुमान वहाणा पायात सरकवल्या.

“आवं वैनी, घर इकायचंय का न्हाई?” ते गेल्यावर रमजान म्हणाला.

“इकायचंय की. पर खोटं बोलून कुणाच्या गळ्यात कसं मारू?”

सांगलीत घरांची दलाली करता करता रमजानची दाढी पिकली होती, पण असला मालक त्यानं पाहिला नव्हता. शालूबाईंचा नवरा फौजेत होता, लढाईत गेला. मूलबाळ नाही. घर विकून म्हसवडला भावाकडं जायचं म्हणाल्या, तेव्हापासून रमजाननं हे काम घरच्यासारखं मानलं होतं.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं? भिंतींना चुना दिला. कौलं चाळून घेतली. आपल्या बायकोला, चांदबीला, पाठवून परसातलं तण काढलं. भाव उतरवला. तरी घर हलेना. शेवटी शालूबाईच म्हणाल्या, “दारावर पाटी लावा की.” रमजाननं ठळक अक्षरांत लिहून घेतलं, ‘घर विकणे आहे’, आणि पाटी स्वतः ठोकली.

पाटीला गुण आला. परगावची माणसं आपणहून येऊ लागली. कुणी वाळव्याकडचं, कुणी तासगावचं, एकजण तर पाचगणीहून. शालूबाई त्यांना भाकरी वाढायच्या. “घर घ्यायचं म्हंजे मुक्काम करून बघा. नदीचा वारा सोसतो का, ढेकूण चावत्यात का, तुमचं तुमी ठरवा.” माणसं राहायची आणि सौदा न करताच निघून जायची.

रमजान हळहळायचा. पण घरी चांदबीला सांगायचा, “स्वतःच्या मालाचं वंगाळ स्वतः सांगती आन् वर जेवू घालती. लय मोठं काळीज हाय त्या बाईचं.”

त्या दिवसांत साताऱ्याकडच्या भूमिगतांनी गोऱ्या सरकारला सळो की पळो करून सोडलं होतं. नवा चेहरा दिसला की चौकशी. सयाजी हवालदारानं रमजानला चौकातच अडवलं.

“काय रं, त्या बाईकडं माणसं कसली येत्यात?”

रमजानचा आवाज चढला. “गिऱ्हाइकं हैत, हवालदार! पाटी मी लावलीया. त्या बाईइतकं खरं बोलणारं माणूस सांगलीत दावा मला.”

हवालदार माघारी फिरला. रमजानचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

शेहेचाळीस साल उजाडलं आणि एक दिवस हळदीचा व्यापारी केरबा रमजानकडं येऊन बसला. “विहीर आटू दे, न्हाईतर साप निघू दे. मला घर पसंत हाय.”

रमजान आनंदानं धावतच निघाला. पण पेठेत माणसांची ही गर्दी. ताशे कडाडत होते. भूमिगतांवरची वॉरंटं उठली होती आणि त्यांची मिरवणूक निघाली होती. वाट मिळेना, म्हणून रमजानही गर्दीबरोबर सरकत राहिला. मिरवणूक वळली ती नदीकडं, आणि थांबली ती शालूबाईंच्या दारात.

तेव्हा कुठं त्याला चेहरे दिसले. हारांनी झाकलेला पुढचा गडी गोठ्याची चौकशी करून गेला होता. त्याच्या मागचा, परस पावलांनी मोजणारा. आणि तो पाचगणीवाला. एकेक जण शालूबाईंच्या पाया पडत होता.

केरबाचा निरोप रमजानच्या ओठांवरच राहिला. शालूबाईंनी त्याच्याकडं बोट दाखवलं, तसा पाचगणीवाला पुढं झाला आणि आपला हार काढून त्यानं रमजानच्या गळ्यात घातला.

“रागावू नगा, रमजानभाई,” शालूबाई म्हणाल्या. “घर इकायचं कवाच न्हवतं. मला नुसती गिऱ्हाइकं पायजे हुती.”